तीन महिन्यांचा आवाज

कम्युनिटी रेडिओचा परवाना मिळताना केंद्राला सरकारशी करार करावा लागतो. त्यात एक अट असते : प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा. त्यापुढे ठेवायची सक्ती नाही. आमच्या धंद्यात याला रिटेन्शन पीरियड म्हणतात आणि तो आम्ही सर्व्हरच्या लॉगला लावतो. माझ्या आजीचं बोलणंही त्याच हिशोबात बसतं, हे कळलं तेव्हा बोचलं.

म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’चं नाव तुम्ही ऐकलं असेल. आमच्या भागातलं केंद्र त्याच जातीचं, फक्त आणखी लहान. २००६ साली सरकारने स्वयंसेवी संस्थांनाही असे परवाने खुले केले, त्यातून उभं राहिलेलं. आवाज दहा-बारा किलोमीटर जातो, पुढे नुसती खरखर.

१९७२च्या दुष्काळाचं घरी विचारलं की आजी ‘लय वाईट दिस’ एवढंच म्हणायची. रेडिओवरची ताई शेजारच्या वाडीची. ती आजीसोबत शेंगा फोडत बसली आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून तिने विचारलं, “खडी फोडाया जाताना तान्हं पोर कुठं ठिवायचीस गं?”

आजी चाळीस मिनिटं बोलली. रेशनवरचा लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, लिंबाला बांधलेल्या झोळ्या. ती लिंबं अजून आहेत, एसटी थांबते तिथे. आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्या सावलीत मोबाइल बघत उभे राहिलो.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. पलीकडच्या गावच्या एका म्हातारीने केंद्राला फोन लावला. “वड्यापसनं म्होरला रस्ता आमच्या टोळीनं क्येला. तुमी तवा पाझर तलावावर हुता!” आजीने मान्य केलं, पण अर्धंच. रेंज लहान असण्याचा हाच फायदा. सगळे साक्षीदार टप्प्यात असतात. एवढा कडक कोड रिव्ह्यू मी कंपनीतही पाहिला नाही. पुस्तकात छापलेल्या आठवणीला असं कोण हटकतं?

आजी गेल्या वर्षी गेली. तिची मुलाखत मिळाली, कारण ती ताईच्या मोबाइलमध्ये पडून होती. केंद्राच्या कॉम्प्युटरवर जागा करायला जुने कार्यक्रम पुसले जात होते. फोनवरचं ते भांडण त्यातच गेलं.

हिशोब केला. १२८ केबीपीएसने रोज आठ तास म्हणजे साधारण ४६० एमबी, वर्षाला १६८ जीबी. एका पेनड्राइव्हात मावेल! तेव्हा दोन हार्ड डिस्क घेतल्या, रोज रात्री कॉपी होईल अशी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ते काम एका रविवारचं.

जड जातंय ते नावं लावणं. ‘रेकॉर्डिंग ०१७’ म्हणजे कोण, कुठली, कधीचं सांगतेय? ताई बहुतेक आवाज ओळखते. अकरा मात्र तिलाही ओळखता आले नाहीत. ते पुढच्या महिन्यात पुन्हा लावणार आहोत. कुणाचा तरी फोन येईल.