तोंडाला लावायचं काय?

आमच्या घरात अंगाला साबण लावायची चाल उशिरा पडली. मी गारगोटीत हायस्कूलला जायला लागलो तवर घरात एकच तांबडी वडी असायची. पाव्हणा आला की ती न्हाणीतल्या कोनाड्यात दिसायची आणि पाव्हणा गेला की आज्जी ती कागदात गुंडाळून फळीवर ठेवून द्यायची. आम्हा पोरांना वेदगंगेचं पाणी आणि टाचा घासायला दगूड. भांड्याला चुलीतली राख. बायकांच्या डोक्याला शिकेकाई. पाटगावच्या अंगाला रानात तिचे काटेरी वेल झाडावर चढलेले असतात, त्याच्या शेंगा वाळवून, कुटून, उकळून घ्यायच्या. रिठा निराळा, तो झाडाला लागतो. त्यातली काळीभोर बी काढायची आणि टरफल भिजवायचं. त्याचा फेस रेशमी लुगड्याला नाहीतर डागिन्याला. आणि तोंडाला काय? तोंडाला मसुरीच्या डाळीचं पीठ, ताकात नाहीतर दुधात कालवून. दिवाळीला तेवढं उटणं, त्यात नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कपूरकचरी. बस्स.

हे सगळं परत आठवायची वेळ आली ती नातीमुळं.

नात बारावीला. दहावीपासनंच तिच्या गालावर, कपाळावर मुरमं यायची. वयाचं हाय, जाईल म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. पण तिच्या मैत्रिणीनं एका मलमाचं नाव सांगितलं. मेडिकलात गेली, पैसे टाकले, ट्यूब मिळाली. कुणी चिठ्ठी मागितली नाही की काही नाही. तीन आठवड्यांत पोरीचं तोंड असं उजळलं की तिची आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत सुटली. मग ट्यूब संपली. दोन दिवसांत तोंड लालबुंद, उन्हात उभी राहिली की आग आग, आणि मुरमं पहिल्यापेक्षा दुप्पट. दुसरी ट्यूब आणली की शांत. थांबवली की परत तेच.

पुढं पुढं पोरगी घरातसुद्धा ओढणी सोडंना. जेवताना भिंतीकडं तोंड करून बसायची. एकदा मी कौतुकानं बघितलं तर म्हणाली, "आबा, माझ्या तोंडाकडं बघू नकासा." काळजात चर्र झालं. कॉलेज बुडायला लागलं. वर कुणीतरी पाव्हणी बोलून गेली, "अशा तोंडानं पोरीला स्थळं कशी येणार?" पोरीनं ते आतल्या खोलीत ऐकलं. त्या रात्री ती जेवली नाही.

गावात सल्ल्याला तोटा नसतो. एकजण म्हणाली लिंबू चोळ, दुसरी म्हणाली टूथपेस्ट लाव, तिसरी म्हणाली कडुलिंबाचा पाला वाटून थाप. आमच्या मंडळींचं म्हणणं, हे सगळं साबणानं आणि ट्यूबनं झालंय, जुनं तेच बरं, रिठा-शिकेकाई आणा. बचत गटाच्या बायकांकडनं हळद-कडुलिंबाच्या साबणाची एक वडीही आली.

मी म्हटलं, पोरीच्या भाजलेल्या तोंडावर प्रयोग नको, आधी माझं थोबाड हाय की. माझ्याही नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि भुवयांत तांबडं होऊन कोंडा सुटतो, कैक वर्षांचं दुखणं. औत सोडलेला बैल जसा कुठंबी चालतो तसं माझं तोंड, त्याला काय व्हायचं?

पहिला आठवडा रिठा. फेस झकास आला, पण एक थेंब डोळ्यात गेला आणि सकाळभर डोळं चोळत बसलो. तोंड असं ओढलं की हसता येईना. मग शिकेकाई. वस्त्रगाळ केली तरी तिची कस टोचते. केसाला सोनं, पण गालाला करवत. मग गटाची वडी. वास चांगला, हाताला मऊ, पण संध्याकाळी नाकाजवळ तेच कोरडं. शेवटी मसुरीचं पीठ. चिमूटभर, ताकात पातळ करून, न चोळता नुसतं फिरवायचं आणि लगेच धुवायचं. त्यानं ओढलं नाही, झोंबलं नाही. कोंडा मात्र गेला नाही.

एवढं झाल्यावर नातीला घेऊन कोल्हापूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी ट्यूब हातात घेतली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि पोरीला जवळ बसवून सांगितलं, "यात स्टिरॉइड आहे. ते तोंडावर रोज लावायचं औषध नव्हे." त्यानं कातडी पातळ होते, आतल्या बारीक शिरा दिसायला लागतात, मुरमं वाढतात, आणि सोडलं की आग होते म्हणून माणूस परत लावतो. 2018 साली सरकारनं अशी चौदा औषधं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर विकायची नाहीत. कायदा झाला, पण आमच्या पोरीला ट्यूब मिळाली ती मिळालीच.

मी माझ्या प्रयोगांची यादी काढली तशा त्या हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, वडी कुठलीही असो, तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आल्याशिवाय साबण होत नाही. वर हळद घातली म्हणून सोड्याचा गुण जात नाही." आपली कातडी जरा आंबट असते, साबण खारा. निरोगी कातडी ते सोसते, दुखरी सोसत नाही. मसुरीच्या पिठाला त्यांनी नाही म्हटलं नाही, पण आग थांबेपर्यंत पोरीला नुसतं पाणी आणि सौम्य फेसवॉश सांगितला. लिंबाला मात्र साफ मनाई. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे डाग पडतात.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला गुऱ्हाळातलं वाटलं. मुरमं मळानं येत नाहीत. वयात येताना कातडीतल्या तेलाच्या गाठी जादा काम करतात, केसाच्या मुळाशी तोंड बुजतं आणि आत सूज येते. काहिलीत रस उकळला की मळी वर येते, ती रसातनंच येते. ती काढायला भेंडीचं पाणी घालून रसावरच काम करावं लागतं. नुसता काहिलीचा काठ घासून रस निवळत नाही. साबण, मग तो जुना असो का नवा, काठ घासायचं काम करतो. तेवढंच त्याचं काम.

औषधं लिहून दिली आणि बजावलं, "आठ-बारा आठवडे तरी धीर धरायचा. पहिल्यांदा वाढल्यासारखं वाटेल." तसंच झालं. पहिला महिना पोरगी रडली, चिडली, सगळं फेकून देते म्हणाली. तिची आई रोज तिच्याजवळ बसली. तिसऱ्या महिन्यात तोंडावरची आग गेली, मुरमं कमी झाली. गालावर चार खड्डे आणि डाग राहिले, ते खोटं कशाला सांगू? माझ्या नाकालाही बाईंनीच एक मलम दिलं, ते कोंड्यावर चाललं.

आज्जी अडाणी नव्हती हे मात्र मला पटलं. तिनं रिठा लुगड्याला, शिकेकाई डोक्याला आणि पीठ तोंडाला असं वाटून दिलं होतं. सगळं एकाच ठिकाणी थापायचं शहाणपण आमच्या काळातलं.

आता नात कॉलेजला एसटीनं जाते. धुळीला ओढणी बांधते, पण घरात आल्याबरोबर सोडते. परवा तिची एक मैत्रीण तसलीच ट्यूब घेऊन आली. नातीनं ती उलटी केली आणि बोटानं एक-एक अक्षर दाखवत म्हणाली, "पुढचं मोठं वाचू नको ग. मागचं बारीक वाच."