तिकीट आणि ग्रुप

सातारा

चि. बाळ यास,


चालू प्रयोगाचे मोबाइलवर चित्रण करून ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणे, ही हल्ली चोरी समजली जात नाही. करणारा बहुधा नाटकवेडाच असतो. आत्याचे गुडघे धरलेत, तिला घरबसल्या बघू दे, असा जिव्हाळाही त्यामागे असतो. पण जिव्हाळ्याने कृत्याची जात बदलत नाही. आणि ते सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात बसून केलेले असेल तर जास्तच खटकते.

रंगभूमीवर तिकीट कुठून आले, हे सांगलीत वाढलेल्या माणसाला तरी ठाऊक असावे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. खर्च दरबाराचा होता. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन हिंडावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ तिकीट लावून झाले. राजाची जागा तिकीट काढणाऱ्याने भरली ती तेव्हापासून. दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचे संदेश पाठवणाऱ्यांनी हा हिशेबही कधी पाठवावा. नाट्यगृहात ओळख निघाली की तिकीट काढणे कमीपणाचे वाटते आणि पासासाठी फोनाफोनी सुरू होते, तोही यातलाच रोग.

तमाशाचा हिशेब तर याहून रोकडा. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कवलापूरचे काळू-बाळू ही याच पट्ट्यातली माणसे. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की फड एक तर गावाची सुपारी घेतो, नाही तर कनात लावून तिकिटावर खेळ करतो. कनातीखालून पोट घासत आत शिरणारी पोरे गावोगाव असत. (अण्णांच्या सदऱ्याला कुठल्या जत्रेची माती लागली होती, हे घरात सर्वांना माहीत आहे.) पण तसा शिरणारा एकटाच शिरे आणि सापडला तर कानफटात खाई. फोनवाला एका बोटाने अख्खी भावकी आत घेतो.

कायदाही स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला स्वतःच्या प्रयोगावर हक्क मिळाला. केवळ स्वतःपुरते केलेले चित्रण त्यातून वगळलेले आहे. ग्रुपवर टाकले की ते स्वतःपुरते राहत नाही. चित्रपटगृहातल्या चोरट्या चित्रणाला तर २०२३ च्या दुरुस्तीने ३ महिने ते ३ वर्षे कैद आणि किमान ३ लाखांचा दंड आहे.

बरे, एवढे करून हाती काय लागते? नटाच्या वाक्यापेक्षा शेजारच्याची वेफर्सची पिशवी मोठ्याने वाजते, आणि दुसऱ्या अंकातले रहस्य मात्र तेवढे स्वच्छ कळते. मागच्या रांगांना उचललेल्या फोनचा उजेड डोळ्यांवर घेत बसावे लागते, ते वेगळेच.

खरी काळजी दौऱ्यांची आहे. नेपथ्याचा ट्रक, नटांची बस, नाट्यगृहाचे भाडे, हे सगळे एका रात्रीच्या बुकिंगवर उभे असते. बुकिंग पडले की दौऱ्याच्या यादीतून आधी साताऱ्यासारखी गावे गळतात. मग शाहू कलामंदिरात उरतात ती स्नेहसंमेलने आणि सत्कार.

चित्रफीत ग्रुपवरून आजच काढावी. मिरजेच्या मावशीने ती इचलकरंजीला पाठवल्याचे कळते. तिलाही फोन करावा.

आत्या