भिंतीवरची संजा

भाद्रपदातली पौर्णिमा जवळ आली की माळव्यातल्या मुलींना संजाचे वेध लागतात. तेव्हापासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत रोज संध्याकाळी भिंतीचा एक चौकोन शेणाने सारवायचा, त्यावर शेणाचीच आकृती काढायची, तेरडा, कण्हेर, गुलबास यांच्या पाकळ्यांनी ती सजवायची आणि आरती करून गाणी म्हणायची. अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, नवमीला डोकरा-डोकरी, दशमीला पंखा आणि शेवटी मोठा किलाकोट. झाकून आणलेला प्रसाद ओळखण्याची गंमत तर आपल्या भोंडल्यातल्या खिरापतीसारखीच! उज्जैनच्या मराठी घरांतल्या कितीतरी मुली पितृपक्षात संजा आणि नवरात्रात भोंडला खेळत मोठ्या झाल्या. आम्ही शिक्षिकाही त्यांतल्याच.

तरीही काही वर्षांपूर्वी शाळेत आम्ही सोपी वाट धरली. बाजारातून छापील कागदी संजा आणली, तिला चमकीच्या पट्ट्या चिकटवल्या आणि अमावास्येला क्षिप्रेत विसर्जन केले. कागद भिजून बुडाला; चमकी मात्र घाटाच्या पायऱ्यांशी तरंगत राहिली. चौथीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, ही कधी विरघळणार?" आम्ही निरुत्तर झालो. इंदूरकडून येणारी कान्ह नदी क्षिप्रेत घाण पाणी आणते. २०१४ पासून तर क्षिप्रेला नर्मदेचे पाणी आणून द्यावे लागते. त्यात आमची ही भर!

पुढच्या वर्षी आम्ही शेण आणि फुलेच घेतली. आधी मुलींनी नाके मुरडली, पण दोन दिवसांत हात सरावले. त्याच वर्षी सातवीतल्या एका मुलीची आजी उन्हाळ्यात वारली होती. तिला संजा शिकवली ती आजीनेच. शाळा सुरू झाल्यापासून ती कुणाशी फारशी बोलत नव्हती. आम्ही जवळ घेतले, समजावले. उपयोग झाला नाही. नवमीला डोकरा-डोकरी काढायची होती. ती आपणहून पुढे आली. डोकरीच्या कपाळी तिने तेरड्याची तांबडी पाकळी लावली, "हे आजीचं कुंकू" एवढेच म्हणाली आणि रडू लागली. साऱ्या मैत्रिणी तिच्याभोवती गोळा झाल्या. दुसऱ्या दिवशीचा पंखा तिनेच काढला, गाणेही तिनेच सुरू केले.

चित्राने मनाला उतार पडावा, हे आपल्या भागाला नवे नाही. इथून पश्चिमेला झाबुआकडे भिल्ल कुटुंबे घरात दुखणे-संकट आले की पिठोरा देवाला नवस बोलतात आणि तो फेडताना घराच्या भिंतीवर घोडे रंगवून घेतात. त्याच झाबुआतल्या पिटोल गावच्या भूरीबाई लहानपणी गेरू, खडी आणि पानांच्या रसाने घराच्या भिंती रंगवीत. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मातीतून घेतलेला रंग मातीतच परत जातो, हे अशा चित्रांकडून शिकण्यासारखे आहे.

आता आमची संजा नदीवर जात नाही. शाळेच्या बागेत खड्डा करून तिचे शेण, फुले त्यातच घालतो. त्याचे खत होते आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला मुली तिथेच तेरड्याचे बी टाकतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे म्हणतात. आमच्या संजाला तो एकच संध्याकाळ पुरतो.

पालकहो, त्या दिवसांत मुलगी शेणाने माखलेल्या हातांनी घरी आली तर रागावू नका. तिला तुमच्या आईची, आजीची संजा कशी होती ते सांगा. आणि विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती : इमारतीला नवा रंग देताना मागची ती भिंत तेवढी तशीच राहू द्यावी.