नेसणं आणि घालणं

भाचीच्या लग्नात तिची धाकटी बहीण घाईत म्हणाली, “पाच मिनिटांत नऊवारी घालून येते.”

कोपऱ्यात बसलेल्या आईनं टोकलंच, “नऊवारी घालतात होय गं? नेसतात.”

“आजी, ही शिवलेली आहे. चेन लावली की झालं.”

आईला पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

तेव्हापासून मला क्रियापदं मोजायचा नाद लागलाय. सदरा घालतात, लुगडं नेसतात, फेटा बांधतात, गजरा माळतात. बांगड्या कासाराकडे गेलं की भरतात. आणि त्यातली एक फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. अंगावर काय आहे यापेक्षा ते अंगावर कसं आलं, याचीच आपल्या भाषेला जास्त उठाठेव.

आजीचं इरकल अजून आईच्या ट्रंकेत आहे. मोरपंखी सुती अंग, लाल रेशमी पदर, त्यावर पांढरं काम. पदर आणि अंग मिळतात तिथं बोट फिरवलं की बारीकशी कड लागते. दोन्हींच्या ताण्याचे धागे तिथं फासात फास अडकवून जोडलेले असतात. हे इतकं ‘आपलं’ लुगडं विणलं जातं बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलला. त्यावरचा खण गुळेदगुड्डचा, तोही त्याच जिल्ह्यातला. तिथल्या कन्नडमध्येही साडी नेसायला वेगळं क्रियापद आहे, ‘उडु’. सीमावादात या लुगड्याला कुणी साक्षीला बोलावलं नाही, हे बरंच झालं.

पण नेसण्याचं फार कौतुकही नको. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर, कापड तेवढंच. कोळणीचं गुडघ्यापर्यंत घट्ट, ब्राह्मणीच्या पुढे ओचा. बाई लांबून दिसली तरी जात कळायची. आणि केशवपन केलेल्या विधवेचं आलवण? ते ती नेसायची खरी, पण नेसवणारे दुसरेच होते.

लग्नात पुढे व्हायचं ते झालं. ऐन मुहूर्ताला त्या शिवलेल्या नऊवारीची चेन अर्ध्यात अडकली. वर जाईना, खाली येईना. पोरगी रडकुंडीला आली. आई गुडघे धरत उठली, तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि कासोट्याशी झटायला लागली.

“काय चाललंय आत?” बाहेरून कुणीतरी ओरडलं.

“नेसवतेय,” दातांत दोन पिना धरून आई म्हणाली.