जीपची उंची

काळ्या मातीच्या मुलखात वाहनाच्या उंचीचा विचार आजचा नाही. पवारांच्या पाठोपाठ आपले पूर्वज माळव्यात आले ते घोड्यांवरून आणि बैलगाड्यांतून. त्या गाडीचे चाक माणसाच्या छातीला लागे, आणि ते काही दिमाखासाठी नव्हे. चाक जेवढे मोठे तेवढा आख जमिनीपासून वर, आणि आख वर असला म्हणजे पावसाळ्यातल्या खोल चाकोरीतूनही गाडी पोट न घासता बाहेर पडे. ही सुताराची समज मोटारीच्या युगात आपण विसरत चाललो आहोत, असे आम्हांस वाटते.

हे सांगण्याचे निमित्त आमच्या हाटपिपल्याच्या घरची जुनी जीप. महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपची जुळणी 1947 साली सुरू केली. त्याच घराण्यातली ही एक, चारही चाकांवर पाट्यांच्या कमानी असलेली. शेती पाहणारा आमचा पुतण्या तीच चालवतो. दोन पावसाळे ती शेताच्या वाटेवर रुतली, तेव्हा त्याने चार इंच उंची वाढवणारे ‘लिफ्ट किट’ मागवले. जास्त बाकाच्या कमानी, लांब शॅकल, लांब शॉक अब्सॉर्बर, नवे यू-बोल्ट अशी ती पेटी ओसरीवर येऊन पडली. ‘काका, अंगणातच दोन दिवसांत बसवतो,’ असे त्याचे म्हणणे. हात त्याचे कसबी आहेत, त्याविषयी शंका नव्हती. परंतु त्याच जीपमधून त्याच्या दोन्ही मुली बागलीला जातात आणि पुढे विंध्याचा घाट उतरून नर्मदेकडेही जाणे होते. म्हणून आम्ही त्याला आधी जीपखाली बसवले.

जीप नेमकी कुठे अडकते? आखाच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकतो आणि चाके जागीच फिरू लागतात. कमानी उंच केल्या की सांगाडा आणि वरचे धूड उचलले जाते. आख मात्र होता तिथेच राहतो. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायरचा व्यास दोन इंच वाढला तर आख वर जातो फक्त एक इंच. किट निरुपयोगी असते असे आमचे म्हणणे नाही. मोठ्या टायरला जागा मिळते, खडकाळ चढावर पुढचा भाग आपटत नाही. परंतु आमचे दुखणे निराळे होते आणि औषध निराळे आले होते.

शिवाय त्या औषधाला पथ्य फार. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी कलंडण्याची भीती वाढते. गिअरपेटीपासून आखापर्यंत जाणाऱ्या शाफ्टचा कोन बदलून त्याचे क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात, ते लांब घ्यावे लागतात. स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो आणि खड्ड्यात चाक आपटले की हातातले चक्र आपोआप फिरू पाहते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. पुतण्या म्हणाला, ‘काका, खेड्यात कोण पाहतो?’ आम्ही म्हणालो, ‘बाळा, अपघात झाला की सगळेच पाहतात.’

मग टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची अंतरे मोजली. मागची डावी बाजू उजवीपेक्षा दीड इंच खाली होती. वर्षानुवर्षे पोती वाहून कमानींचा बाक मेला होता. जीप ठेंगणी नव्हती, ती खचली होती.

पेटी परत गेली. मागच्या कमानी उतरवून देवासच्या कारागिराकडून त्यांना बाक देऊन आणला आणि बसवण्याचे काम अंगणातच केले. पुढच्या चाकांना दगड लावून मागचा सांगाडा जॅकने उचलला आणि भरवशाच्या घोड्यांवर टेकवला. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरू नये, हा नियम आम्ही दोनदा म्हणवून घेतला. कमानीच्या सेंटर बोल्टचे डोके आखावरच्या भोकात नेमके बसले की नाही ते पाहिले. जुने यू-बोल्ट टाकून नवे घेतले आणि त्यांचे नट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे आवळले. शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून तिचा भार कमानींवर आल्यावरच घट्ट केले. अधांतरी आवळले तर आतले रबरी बुश पिळून फाटतात. काही दिवस चालवल्यावर सगळे नट पुन्हा तपासले.

जीप समतल झाली. पुतण्याच्या मनातली रुबाबदार उंची तिला आली नाही, आणि त्याची थोडी खंत त्याला आहे. तरुण माणसाला ती असावीही. वाचलेल्या पैशांत शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी आपला वाटा घातला आणि शेताच्या वाटेवर, जिथे जीप रुतत असे तिथे, मुरूम पडला. आता त्या वाटेने ज्यांच्याकडे जीप नाही त्यांच्या बैलगाड्याही जातात.