नऊ तिकिटें आणि सोपाऱ्याची शिळा

उन्हाळ्याची सुटी तोंडावर आली कीं मोठ्या कुटुंबांत एकच विषय ऐकूं येतो, आणि तो म्हणजे, यंदा कोठें जावयाचें? आमच्या वडिलांच्या काळीं ह्या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असे: आजोळ, कुलदैवत, फार तर महाबळेश्वर. आतां मुलांच्या तोंडीं सिंगापूर, दुबई, युरोप हीं नांवें तितक्याच सहजतेनें येतात. त्यांत मुलांचा दोष नाहीं. पुष्कळ घरांतील एक तरी मुलगा किंवा मुलगी परदेशीं आहे. तेव्हां परदेश हेंच अनेकांचें आजोळ होऊन बसलें आहे. मात्र ह्या नव्या आजोळास विमानानें जावें लागतें, आणि विमानाचें जें भाडें एका माणसास परवडतें तें नऊ माणसांस परवडतेंच असें नाहीं. गेल्या वर्षीं ह्या भाड्यानें आमच्या घरीं जो पेंच उभा केला, आणि तो सोडवितांना आमच्याच वसईनें आम्हांस जें शिकविलें, तें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें.

आमचें घर वसई गांवांत, किल्ल्याच्या वाटेवर. घरांत माणसें नऊ. ब्याऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्री, त्यांची नणंद म्हणजे आमच्या आत्याबाई, थोरले बंधु, वहिनी, त्यांचा महाविद्यालयांत शिकणारा मुलगा, आम्ही उभयतां व आमचीं दोन मुलें. धाकटे बंधु सहा वर्षांपासून जर्मनींत, श्टुटगार्ट येथें नोकरीस आहेत. त्यांची धाकटी कन्या तेथेंच जन्मली. ती चार वर्षांची झाली तरी आजीनें तिला पाहिलें तें मोबाइलच्या कांचेंतूनच. कारण बंधूंचें इकडे येणें दोनदां ठरलें आणि दोन्ही वेळां मोडलें. माघ महिन्यांत एके रात्रीं असेंच कांचेंतून बोलणें आटोपल्यावर मातोश्री म्हणाल्या, "धाकट्याचें घर एकदां डोळ्यांनीं पाहीन म्हणतें." हें ऐकतांच दादांनीं जाहीर करून टाकलें, "मे महिन्यांत सगळींच जाऊं!" त्या रात्रीं घरांत उशिरापर्यंत कोणी निजलें नाहीं.

घरांतील हिशेबनीस म्हणजे आमचा पुतण्या. त्यानें संगणक उघडून मेअखेरचें मुंबई ते फ्रँकफुर्ट असें जाऊन-येऊन भाडें काढलें, तों तें माणशीं ऐंशी हजारांच्या वर गेलें. नऊ माणसांचे सात लाखांहून अधिक! आणि हा आंकडा केवळ आसनांचा. शेंगेन देशांच्या प्रवेश-परवान्याची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसास ९० युरो झाली आहे. परवाना नाकारला गेला तरी ती परत मिळत नाहीं. त्याशिवाय निदान ३०,००० युरोपर्यंतच्या खर्चाची हमी देणारा आजारपणाचा विमा हवा, आणि ब्याऐंशीव्या वर्षीं त्याचा हप्ता तरुणाच्या कितीतरी पट असतो. दादांनीं कागद दोनदां वाचला, चष्मा काढून ठेवला आणि ते अंगणांत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांस ऊत आला. एका स्नेह्यानें हप्त्यांनीं तिकिटें घेण्याचें सुचविलें. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "ऋण काढून सण करूं नये म्हणतात, आणि हा सण तर पंधरा दिवसांचा, फेड दोन वर्षांची." दुसऱ्यानें आखाती देशांवरून जाणारें, मध्यरात्रीं विमान बदलावें लागणारें स्वस्त तिकीट दाखविलें. तरुणांस तें उत्तम. पण मातोश्रींचे गुडघे आणि त्यांची झोंप ह्यांचा विचार करतां आम्हांस तें पटेना. तिसऱ्यानें मुलांची शाळा बुडवून जूनअखेरीस जा म्हणून सांगितलें. ही युक्ति साऱ्या जगास सुचलेली आहे. इंग्लंडमध्यें एका पित्यानें २०१५ सालीं शाळा चालू असतां कन्येस अमेरिकेच्या सहलीस नेलें. त्याबद्दलच्या दंडाचा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ सालीं निकाल पित्याच्या विरुद्ध लागला. जर्मनींतही २०१८ सालीं बव्हेरियांतील विमानतळांवर पोलिसांनीं सुटीच्या आधींच मुलांना घेऊन निघालेलीं कुटुंबें हेरलीं होतीं. म्हणजे सुटींतील भाड्याचा जाच केवळ आम्हांसच आहे असें नाहीं, एवढें समाधान मिळालें. पण समाधानानें तिकीट मिळत नाहीं.

भाड्याची रीत मात्र समजून घेण्यासारखी आहे. वसईची भाजी मुंबईच्या बाजारांत जाते. सकाळीं चढलेला मेथीचा भाव दिवे लागतां लागतां उतरतो, कारण शिळी जुडी दुसऱ्या दिवशीं कोणी घेत नाहीं. विमानाचें रिकामें आसनही उड्डाणानंतर कवडीमोलाचें; तरी त्याचा भाव बहुधा शेवटीं चढतो, कारण अखेरच्या घटकेस येणारें गिऱ्हाईक नडलेलें असतें हें कंपनी ओळखून असते. एकाच वर्गाच्या आसनांचे ती अनेक भाव करते. स्वस्त भावाचीं आसनें थोडीं असतात आणि तीं आधीं संपतात. आपण नऊ आसनें एकदम मागितलीं आणि स्वस्त भावाचीं चारच उरलीं असलीं, तर पुष्कळदां नवांनाही महाग भाव लागतो. पुतण्यानें दोघांपुरतेंच विचारून पाहिलें, तों भाव माणशीं कांहीं हजारांनीं उतरला. मग तिकिटें तुकड्यांनीं कां घेऊं नयेत? घ्यावींत, पण उड्डाण रद्द झालें तर एक तुकडी एका विमानांत व दुसरी दुसऱ्यांत बसविली जाण्याचा संभव असतो. म्हणून म्हातारें माणूस व त्याचा सोबती, तसेंच लहान मूल व त्याची आई, हीं एकाच तिकिटावर असावींत.

शिवाय मे महिन्यांत इकडे शाळांना सुटी, आणि त्याच सुमारास श्टुटगार्टकडील शाळांना पेंटेकॉस्ट सणाची दोन आठवड्यांची सुटी. दोन्ही बाजूंचीं कुटुंबें एकाच विमानाच्या दारांत उभीं, मग भाव कां चढूं नये? त्यांत एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्तानचें आकाश भारतीय कंपन्यांस बंद झालें, तेव्हां युरोपास जाणाऱ्या त्यांच्या विमानांस वळसा पडला आणि इंधन अधिक लागूं लागलें. दूरच्या राज्यकर्त्यांचें भांडण आमच्या घरच्या हिशेबाच्या वहींत येतें तें असें.

येणेंप्रमाणें सर्व विचार होऊन निर्णय कांहींच होईना, आणि मुलें हिरमुसलीं. त्यांचें मन रमावें म्हणून एका रविवारीं आम्ही त्यांना घेऊन सोपाऱ्यास गेलों. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, इमारतींच्या दाटींतून वाट काढीत गेलें कीं 'बुरुड राजाचा कोट' ह्या नांवानें ओळखला जाणारा विटांचा स्तूप लागतो. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तो उकरला, तेव्हां आंत दगडी पेटी सांपडली आणि तिच्यांत आठ लहान ब्राँझमूर्ति, सोन्याचीं फुलें व भिक्षापात्राचे तुकडे निघाले. त्या जागीं आतां थोडी झाडें, थोडी सांवली आणि बरीच शांतता आहे.

मुलांस आम्हीं सांगितलें कीं, हें आज लोकलच्या गर्दीसाठीं नांव गाजलेलें ठिकाण एके काळीं पश्चिम किनाऱ्यावरचें मोठें बंदर होतें. महाभारतांतील शूर्पारक तें हेंच. ग्रीक नावाड्यांच्या 'पेरिप्लस' ह्या ग्रंथांत त्याचें नांव आहे आणि टॉलेमीच्या भूगोलांतही आहे. आपण परदेशीं कसें जावें ह्या विवंचनेंत आहों, आणि दोन हजार वर्षांपूर्वीं परदेशच आपल्या दारीं येत होता!

त्याच १८८२ सालीं सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. तो आतां मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. (नवव्या लेखाचा तुकडा १९५६ सालीं जवळच्याच भुईगांवीं मिळाला.) आठव्या लेखाचा संपूर्ण मजकूर गिरनारसारख्या इतर ठिकाणच्या शिलांवरून कळतो, आणि त्याचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वींचे राजे मृगयेसाठीं व करमणुकीसाठीं विहारयात्रेस निघत. अशोक राज्याभिषेकाच्या दहा वर्षांनंतर संबोधीस, म्हणजे बुद्धगयेस गेला, आणि तेव्हांपासून त्याची धर्मयात्रा सुरू झाली, असा त्याचा आशय. त्या यात्रेंत तो ब्राह्मणांस व श्रमणांस भेटे, खेड्यापाड्यांतील प्रजेशीं बोले आणि वृद्धांचें दर्शन घेई.

हें सांगतां सांगतां आम्हीच थबकलों. जो लेख आमच्या गांवापासून हांकेच्या अंतरावर सांपडला, त्याचा अर्थ आम्हांस चांगला ठाऊक होता. पण गेले दोन महिने आम्ही कोणत्या यात्रेचा हिशेब करीत होतों? मातोश्रींनीं बोलून दाखविली होती ती भेटीची इच्छा. तिला आम्हीं नऊ जणांची सहल जोडली, सहलीस सुटी जोडली, आणि सुटीनें भाडें चढविलें. मुळांतील गोष्ट बाजूसच राहिली. अशोक वृद्धांच्या भेटीस जात असे. येथें तर वृद्ध माउलीच भेटीस निघूं पाहत होती आणि आमच्या विहारयात्रेनें तिची वाट अडविली होती.

परततांना किल्ल्यांत पाय मोकळे केले. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं ती घेतली, हा इतिहास इकडील पोरासोरांसही पाठ असतो. त्या दिवशीं मात्र मनांत आलें तें निराळें. पोर्तुगीज गलबतें लिस्बनहून मार्च-एप्रिलांत निघत आणि साधारणतः सप्टेंबरांत गोव्यास लागत. परतीची वाट डिसेंबर-जानेवारींत. केव्हां निघावें हें वारा ठरवी, माणूस नव्हे. आमचा वारा म्हणजे शाळेचें वेळापत्रक. पण ज्याला शाळा नाहीं त्यानें ह्या वाऱ्याची वाट कां पाहावी?

त्याच रात्रीं हा विचार घरांत मांडला. मातोश्री हंसल्या. "अरे, मला विलायत कोठें पाहावयाची आहे? मला धाकट्याचें स्वयंपाकघर पाहावयाचें आहे. नात शाळेंतून येते तेव्हां दार कोण उघडतें तें पाहावयाचें आहे." म्हणजे त्यांना हवें होतें तें त्या घराचें रोजचें जीवन, आणि तें तर शाळा चालू असतांनाच दिसणार! श्टुटगार्टकडील उन्हाळी सुटी सप्टेंबरच्या मध्यास संपते. गणपति व पितृपंधरवडा आटोपून सप्टेंबरअखेर निघावें व दिवाळीच्या आधीं परतावें, असें ठरलें. पुतण्यानें पाहिलें, न थांबतां जाणाऱ्या विमानाचें भाडें माणशीं पंचावन्न हजारांच्या आंत आलें.

प्रश्न उरला सोबतीचा. येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आमच्या मनांत आमचेंच नांव होतें. पारपत्रही आम्हीं फेब्रुवारींतच नवें करून घेतलें होतें. मातोश्री म्हणाल्या, "थोरली येईल माझ्याबरोबर. सत्तावीस वर्षें ह्या घराचें सारें केलें तिनें. तिला विमान ठाऊक आहे तें गच्चीवर वाळवण घालतांना वर पाहिलेलें." वहिनी गोंधळून म्हणाल्या, "पण नवरात्रांत घराचें कसें होईल?" त्यावर आमचें कुटुंब म्हणालें, "आम्ही आहों ना, जाऊबाई." आम्ही गप्प बसलों. पारपत्राची गोष्ट तेव्हां कोणास सांगितली नाहीं. येथें प्रथमच लिहीत आहों.

मुलांची मेची सुटीही फुकट गेली नाहीं. अर्नाळ्याच्या बेटावर होडीनें जाऊन किल्ला पाहिला. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या वसई–भाईंदर रो-रो बोटींतून खाडी ओलांडली. आणि एक दिवस मुंबईस जाऊन तो शिलालेखाचा तुकडा डोळ्यांनीं पाहिला. नऊ जणांचा तीन सहलींचा खर्च एका तिकिटाच्या पासंगासही पुरला नसता.

सप्टेंबरांत बांधाबांध सुरू झाली तेव्हां एक नवी अडचण निघाली. युरोपांत बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. म्हणजे घरचें तूप आणि पेढे गेले. फळांनाही निरोगीपणाचा दाखला लागतो. मात्र केळें, नारळ, अननस, खजूर व डुरियन ह्या पांच फळांना तो लागत नाहीं. हें ऐकून मातोश्रींनीं टाळीच वाजविली. केळें आणि नारळ! वसईस दुसरें काय पिकतें? दोन असोले नारळ आणि सुकेळ्यांच्या पुड्या सामानांत गेल्या. विमान कंपनीस आगाऊ कळविल्यानें चाकांची खुर्ची दोन्ही विमानतळांवर तयार होती. घटाची माळ त्या वर्षीं आम्हीं बांधली. ती वांकडी झाली असें आत्याबाईंचें मत आहे.

तीन आठवड्यांनीं दोघी परतल्या. वहिनी श्टुटगार्टच्या ट्रामनें एकट्या बाजारांत जाऊन येत होत्या, हें ऐकून दादा त्यांच्याकडे पाहतच राहिले. आतां घरांत एक डबा ठेवला आहे. त्यांत कमावत्या माणसांनीं दरमहा ठराविक रक्कम टाकावयाची, आणि आळीपाळीनें दोघांनीं, सुटीचा हंगाम टाळून, आधींपासून तिकीट काढून जावयाचें. पुढची जोडी आत्याबाई व पुतण्या ह्यांची. आमचें नांव त्यानंतर आहे.

मातोश्रींस विचारलें, "काय पाहिलें?" त्या म्हणाल्या, "घर पाहिलें. आतां फोनवर पोर म्हणते, आजी, मी खिडकींत बसलें आहें. ती खिडकी मला दिसते."