कोटाच्या खिशातली फळे

संपादकांचा फोन आला तो नेहमीप्रमाणे आयत्या वेळी. "दिवाळीच्या अंकासाठी काहीतरी हलकेफुलके द्या, गेल्या वर्षीच्या चकलीसारखे." गेल्या वर्षी चकली तेलात का विरघळते यावर मी रसायनशास्त्राच्या अंगाने दोन पाने लिहिली होती, आणि बऱ्याच जणींनी ती जपून ठेवल्याचे कानावर आले. यंदाही तसेच काही लिहायचे मनात होते, पण जमले नाही. त्याला कारण आमची लेक.

ऑक्टोबर लागला की तिच्या कोटाचे खिसे हॉर्स चेस्टनटच्या फळांनी फुगतात. इथली मुले त्यांना 'काँकर' म्हणतात आणि दोऱ्यात ओवून एकमेकांच्या फळांवर आपटतात. आपल्याकडे चिंचोके आणि सागरगोटे असायचे, त्यातलाच प्रकार. यंदा ती शाळेतून सांगतच आली, "आई, पूर्वीच्या मुलांनी ही गोळा करून सरकारला दिली होती. लढाईसाठी! पण लढाईत त्यांचे करतात काय?"

रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या आईला हा प्रश्न सोपा असायला हवा. सोपाच आहे. तोफेतून गोळा बाहेर फेकणारी जी दारू, कॉर्डाइट, ती तयार करताना ॲसिटोन लागते. नखांचा रंग काढायला आपण वापरतो तेच. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला ते पुरेना. हाइम वाइझमान नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी (हेच पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले) पिष्टमय पदार्थ जीवाणूंकडून आंबवून ॲसिटोन काढण्याची रीत शोधली होती. त्यासाठी मका लागे आणि मका समुद्रापलीकडून येई. जर्मन पाणबुड्यांनी ती वाट अवघड केल्यावर १९१७ साली शाळेच्या मुलांना फळे वेचायला लावले. कशासाठी, ते मुलांना सांगितले नव्हते. शेवटी त्या फळांतून ॲसिटोन काही फारसे निघाले नाही. असो.

हे तिला सांगितले आणि रात्री भांडी आवरताना माझेच डोके फिरू लागले. मुलांच्या कोटाच्या खिशापर्यंत पोहोचते ती कसली लढाई?

महायुद्धाची कारणे आपण शाळेत पाठ केली: साराजेव्होचा खून, गुप्त तह, आरमाराची चढाओढ. ती खोटी नाहीत. पण प्रयोगशाळेत आम्हाला एक सवय लागते. प्रक्रिया सुरू कशाने झाली हा एक प्रश्न आणि ती चालू कशाने राहिली हा दुसरा. ठिणगी पडते आणि विझतेही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये बहुतेकांना वाटत होते की नाताळपर्यंत सगळे आटोपेल. ते चार वर्षे चालले, कारण मागून माल येत राहिला. १९१६ साली सोमच्या लढाईआधी ब्रिटिश तोफांनी एका आठवड्यात सुमारे १५ लाख गोळे डागले. आणि तरी १ जुलैला, चढाईच्या पहिल्याच दिवशी, त्यांचे १९,२४० लोक मेले. पंधरा लाख गोळे काही रागाने तयार होत नाहीत. त्यासाठी कारखाने लागतात, पाळ्या लागतात, आणि माझ्यासारखी माणसे लागतात.

जर्मनीची गोष्ट तर थेट माझ्या धंद्यातली आहे. स्फोटकांना नायट्रेट हवे, आणि ते येई दक्षिण अमेरिकेतल्या चिलीहून, सोऱ्याच्या रूपाने. ब्रिटिश आरमाराने ती वाट बंद केली. जर्मनीजवळचा साठा काही महिन्यांचा होता. पण फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करून दाखवला होता, कार्ल बॉश यांनी ते काम कारखान्यात उतरवले होते, आणि १९१३ पासून ओपाउला तो टनावारी निघत होता. शोध लागला तो खतासाठी. युद्ध लागल्यावर त्याच अमोनियाचे नायट्रिक आम्ल करून दारूगोळ्याकडे वळवणे ही फक्त पुढची पायरी होती. सायनामाइडची दुसरी पद्धतही हाताशी होती, पण हाबर-बॉश नसते तर जर्मनी इतकी वर्षे लढू शकली नसती, असे बहुतेक जाणकार मानतात.

हाबर एवढ्यावर थांबले नाहीत. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ पाच हजारांहून अधिक नळकांड्यांतून सुमारे १५० टन क्लोरीन सोडला गेला, तो त्यांच्या देखरेखीखाली. क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड. तो खंदकात उतरतो, आणि फुप्फुसातल्या ओलाव्यात त्याचे आम्ल होते. चार दिवसांनी त्याच रणात लाहोर डिव्हिजनचे हिंदी शिपाई पुढे धाडले गेले. त्यांच्याजवळ गॅसचे मुखवटे नव्हते.

हाबर यांच्या पत्नी क्लारा इमरवार. १९०० साली ब्रेसलाउ विद्यापीठात रसायनाची डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढच्या वर्षी लग्न झाले, मूल झाले आणि प्रयोगशाळा सुटली. (मंडळातल्या किती जणी इथे मान हलवतील ते मला ठाऊक आहे.) ईप्रनंतर दहाच दिवसांनी, २ मे १९१५ च्या पहाटे, नवऱ्याच्या पिस्तुलाने तिने जीव दिला. कारणांबद्दल चरित्रकारांचे एकमत नाही, त्यामुळे मी तिच्या तोंडी वाक्ये घालणार नाही. मुलगा बारा वर्षांचा होता. हाबर लगोलग पूर्व आघाडीवर गॅसच्या कामाला निघून गेले. त्यांना १९१८ सालचे नोबेल मिळाले, अमोनियासाठी.

आता घरचे सांगते. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. माझे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले. कूत-अल-अमारा येथे तुर्कांनी वेढा घातला, तो जवळजवळ पाच महिने टिकला. उपासमारीने टेकीला येऊन २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. पणजोबा कैदेत वारले. आजोबा तेव्हा वर्षाचे होते. युद्ध संपल्यावर घरी ब्राँझची एक जड थाळी आली. तिच्यावर पणजोबांचे नाव आणि भोवती इंग्रजीत 'स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला' अशा अर्थाची अक्षरे. पणजीला वाचता येत नव्हते. ती थाळी कित्येक वर्षे ताकाच्या गाडग्यावर झाकण म्हणून होती.

बसऱ्याला स्मारक आहे. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांवर माणसांचे. गोऱ्या शिपायांची नावे तिथे कोरली आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. युद्धस्मारकांचा कारभार पाहणाऱ्या आयोगाने हा भेदभाव २०२१ मध्ये जाहीरपणे मान्य केला. म्हणजे पणजोबांचे नाव ताकाच्या झाकणावर होते, स्मारकावर नव्हते.

आता माझे त्रांगडे बघा. जर्मनीची दारू १९१५ च्या वसंतातच संपली असती, तर तुर्कस्तान एकटे किती टिकले असते? पणजोबा कदाचित घरी आले असते. (इतिहास इतका सरळ नसतो, हे कळते.) पण तोच अमोनिया पुढे युरिया होऊन आमच्या शेतात आला. अण्णांनी ऊस काढला तो त्या गोण्यांवर, आणि माझी फी भरली ती उसाच्या बिलातून. आज जगातली जवळजवळ निम्मी माणसे या एका प्रक्रियेच्या अन्नावर जगतात. मी नोकरी करते तीही उत्प्रेरकांची. हाबर यांचे नाव मला पुसता येत नाही.

आणखी एक, जे घराबाहेर कधी सांगितले नाही. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर युरोपात तोफगोळ्यांच्या दारूचा तुटवडा पडला आणि जाणकार रसायनतज्ज्ञांना मागणी आली. मलाही विचारणा झाली. पगार बराच जास्त. मी दोन आठवडे विचार केला आणि नाही म्हटले. मैत्रिणींना वाटले, तत्त्वासाठी. खरे कारण असे की सकाळी सातची पाळी आणि लेकीच्या शाळेची वेळ यांचा मेळ बसेना. ती वेळ जमली असती तर? युक्रेनच्या लोकांना ते गोळे हवेच होते, असेही मी स्वतःला सांगितले असते. हाबरनीही स्वतःला काहीतरी सांगितलेच असेल.

लेकीला यातले मी निम्मेच सांगितले. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आई, मग त्या मुलांना आधी सांगायला हवे होते ना, कशासाठी ते?" एवढे बोलून फळे घेऊन बागेत गेली.

११ नोव्हेंबरसाठी तिच्या शाळेने घरातल्या युद्धात गेलेल्या माणसांची नावे मागितली आहेत. गावी फोन करून अण्णांकडून थाळीवरचे स्पेलिंग एकेक अक्षर लिहून घेतले. थाळी आता ताकावर नसते, अण्णांच्या कपाटात असते. आपल्यापैकी आणखी कोणाच्या घरी अशी थाळी, पदक किंवा पत्र असेल, तर फराळाच्या कार्यक्रमाला घेऊन यावे, निदान नाव लिहून आणावे. दाराशी नेहमीच्या वर्गणीच्या टेबलावर मीच बसलेली असेन. वही ठेवते आहे.